एका गिल्डरची पावती

रांग लांब आहे, पण रेटारेटी नाही. १९४१ सालातला हिवाळा, ॲम्स्टरडॅम. जर्मन फौजा शहरात येऊन आठ-नऊ महिने झालेत. तुम्ही कोटाची कॉलर वर करून उभे आहात. हातात भरलेला फॉर्म आहे, खिशात एक गिल्डर. १० जानेवारीला हुकूम निघाला: ज्याच्या आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असेल, त्यानं नाव नोंदवायचं. फी माणशी एक गिल्डर.

या प्रवासापुरते तुम्ही एका कापडपेढीतले हिशेबनीस आहात. घरी बायको आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. दोन गल्ल्या सोडून आई राहते, तिच्याजवळ धाकटा भाऊ.

खिडकीपलीकडचा कारकून डच आहे. तो ‘सुप्रभात’ म्हणतो, तुमचा फॉर्म वरून खाली वाचतो, एका रकान्यात राहिलेली तारीख भरायला सांगतो आणि शाई वाळेपर्यंत थांबतो. त्याच्या वागण्यात दुष्टपणाचा लवलेश नाही. मागं वळून निघून जावं, असं तुम्हाला वाटत नाही, कारण तुमचा धर्म नगरपालिकेच्या दप्तरात आधीपासूनच लिहिलेला आहे. नेदरलँड्समध्ये प्रत्येक रहिवाशाचं नाव, पत्ता, कुटुंब आणि पंथ यांची नोंद ठेवण्याची पद्धत जुनी. आजवर त्यातून कुणाचं काही बिघडलं नाही. सरकारला जे ठाऊकच आहे, ते पुन्हा सांगण्यात काय जातं? आणि न सांगितलं तर तुरुंग आहे.

तुम्ही नाणं ठेवता, पावती घेता, घडी करून पाकिटात सारता. तुमच्यासारख्या सुमारे एक लाख साठ हजार माणसांची नोंद होते. दगडफेक नाही, आरडाओरडा नाही. पुढं जे काही घडणार आहे, त्याचा पाया या रांगेत घातला जातोय आणि तो घालायला एकाही सैनिकाची गरज पडलेली नाही.

कार्ड

त्याच वर्षी तुमच्या हातात नवं ओळखपत्र येतं. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकानं ते सतत जवळ बाळगायचं आहे, ज्यू असो वा नसो. जरा उजेडात धरून बघा. दोन घड्यांचं जाड कार्ड. कागदात जलचिन्ह. तुमचा फोटो, सही आणि उजव्या हाताच्या तर्जनीचा ठसा. छपाईची शाई अशी निवडलेली की अतिनील दिव्याखाली धरताच खरं-खोटं उघडं पडावं. फोटो असा चिकटवलेला की उचकटला तर कार्डच फाटावं. आणि हे सगळं जमवून कुणी नकली कार्ड केलंच, तरी तुमचा दुसरा फोटो, दुसरा ठसा आणि दुसरी सही हेगमधल्या मध्यवर्ती दप्तरात पडून आहे. शंका आली की दोन्ही जुळवून बघायचं.

हे कार्ड कुण्या जर्मन माणसानं तयार केलेलं नाही. लोकसंख्या नोंदणीचा डच प्रमुख याकोब लेंट्स यानं त्यासाठी जीव ओतला. चोख नोंद हाच त्याचा ध्यास होता. त्याचं कार्ड जर्मनांच्या स्वतःच्या ओळखपत्रापेक्षा सरस ठरलं. युद्धानंतर त्याला तुरुंगवास झाला. पण आत्ता, तुमच्या हयातीत, तो एक कार्यक्षम आणि मेहनती अधिकारी आहे.

तुमच्या कार्डावर आणखी एक गोष्ट आहे, जी शेजारच्या यानच्या कार्डावर नाही: ठळक, काळा, रोमन लिपीतला ‘जे’. लांबूनही दिसावा एवढा. तो कुणावर मारायचा, हे शोधत बसावं लागलं नाही. एक गिल्डर भरून तुम्ही ते सांगून ठेवलेलं होतं.

कचेरी

फेब्रुवारी १९४१मध्ये जर्मनांनी ॲम्स्टरडॅममध्ये ज्यू कौन्सिल नेमलं. त्याचे दोन अध्यक्ष: हिऱ्यांचे मोठे व्यापारी आब्राहम आस्सर आणि विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवणारे प्राध्यापक डाव्हिड कोहेन. दोघंही समाजात मान असलेले. जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी दोघांनी आधीची कितीतरी वर्षं खस्ता खाल्लेल्या.

त्याच महिन्याच्या २२ आणि २३ तारखेला ज्यू वस्तीत धरपकड झाली. चारशेच्या वर तरुण चौकात उकिडवे बसवून नेले गेले. २५ तारखेला ट्रामचे कामगार, गोदीतले मजूर, कारखान्यांतले लोक काम टाकून रस्त्यावर उतरले. ज्यूंच्या छळाविरुद्ध अख्ख्या शहरानं केलेला तो संप तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. दोन दिवसांत तो चिरडला गेला. पकडलेल्या मुलांच्या मरणाच्या खबरा पुढं माउटहाउझेनच्या छळछावणीतून येत राहिल्या.

तेव्हापासून कोहेन यांचं म्हणणं एकच: विरोध केला तर माणसं मरतात, बोलणी केली तर निदान काही वाचवता येईल. त्यांच्याशी उघड वाद घालणारा एक माणूस होता, लोडवेक व्हिसर. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष. ज्यू म्हणून त्यांना पदावरून काढलं, तेव्हा न्यायालयातले त्यांचे सहकारी गप्प राहिले. व्हिसर म्हणत, आपण डच नागरिक आहोत. आपल्या वतीनं बोलायचं ते डच शासनानं, आणि आपण दाद मागायची ती त्याच्याकडे. जर्मनांनी आखून दिलेल्या वेगळ्या रिंगणात स्वतःहून पाऊल ठेवू नका. फेब्रुवारी १९४२मध्ये व्हिसर वारले आणि तो आवाजही थांबला.

तुमची नोकरी एव्हाना गेलेली आहे, पेढी दुसऱ्याच्या ताब्यात. नीव्ह कैझर्सग्राख्त या कालव्याकाठी, ५८ क्रमांकाच्या घरात कौन्सिलची कचेरी आहे. हिशेब येणारा माणूस त्यांना हवाच होता. तुम्हाला टेबल मिळतं, टाइपरायटर मिळतो. काम वाईट नाही. शाळांतून हाकललेल्या मुलांसाठी वर्ग, म्हाताऱ्यांसाठी मदत, बेकारांसाठी पैसे. तुम्ही रात्री घरी जाता तेव्हा दिवस सत्कारणी लागल्याचं समाधान असतं.

१९४२च्या एप्रिलअखेरीस कचेरीत गठ्ठे येऊन पडतात. पिवळं कापड, त्यावर छापलेले तारे. साडेपाच लाखांहून जास्त. तीन दिवसांत वाटायचे आहेत, माणशी चार, एकाची किंमत चार सेंट, शिवाय कापडाच्या रेशनचं एक कूपन. तुम्ही हिशेबनीस. तुम्ही मोजता, पावत्या फाडता, जमा झालेले सेंट वहीत मांडता. ३ मेपासून तोच तारा तुमच्याही छातीवर आहे.

शिक्का

जुलै १९४२. कालव्याकाठी इतकी गर्दी आहे की दारापर्यंत पोचता येत नाही. माणसं रेटतायत, काचा फुटतायत. जूनच्या अखेरीस जर्मन अधिकारी फर्डिनांड आउस डेर फ्युंटेन यानं कोहेन यांना कळवलं की ज्यूंना पोलिसांच्या देखरेखीखाली ‘कामासाठी’ जर्मनीला पाठवलं जाईल. ५ जुलैला घरोघरी बोलावणी पोचली. १५ जुलैला वेस्टरबोर्कच्या छावणीतून आउशविट्झकडे पहिली गाडी सुटली. आणि शहरात बातमी पसरली: जो कौन्सिलमध्ये नोकरीला, तो तूर्त वाचला.

बाहेरच्या गर्दीत वकील आहेत, वादक आहेत, पीएचडी झालेले आहेत, तुमचा जुना गणिताचा शिक्षक आहे. कुणाला टंकलेखन येत नाही, तरी टंकलेखक व्हायचंय. निरोप्याचं काम मिळालं तरी चालेल. अठ्ठावीस वर्षांची एटी हिलेसुम त्याच दिवसांत इथं टायपिस्ट म्हणून लागली. इतरांना मागं टाकून मिळालेली ही जागा तिला सलत राहिली. थोड्याच दिवसांत ती आपण होऊन वेस्टरबोर्कला गेली, तिथल्या माणसांची सेवा करायला. पुढच्या वर्षी आउशविट्झला तिचा अंत झाला. तिनं लिहिलेल्या डायऱ्या मागं राहिल्या.

जर्मनांनी कौन्सिलला साडेसतरा हजार सवलती दिल्या. एक दिवस तुमचंही कार्ड मागवलं जातं आणि परत येतं तेव्हा त्यावर जर्मन शिक्का असतो: या ओळखपत्राच्या धारकाला पुढील सूचनेपर्यंत श्रमसेवेतून सूट आहे. खाली क्रमांक, ऐंशी हजारांच्या घरातला. कौन्सिलच्या माणसांसाठी ८० हजार ते एक लाख ही मालिका राखून ठेवलेली आहे. लोक या शिक्क्याला नुसतं ‘श्पेरं’ म्हणतात. बाजारात, जिन्यात, दवाखान्यात आता एकच चौकशी: तुमच्याकडे श्पेरं आहे का?

शिक्क्यात बायको येते, मुलगी येते. आई येत नाही. भाऊ येत नाही.

रात्री आठनंतर ज्यूंना रस्त्यावर येण्याची बंदी आहे, म्हणजे पोलिसांना सगळे घरी सापडतात. एका संध्याकाळी जिन्यात बूट वाजतात. तुमच्या दारावर थाप पडते. दोन डच पोलीस. तुम्ही कार्ड पुढं करता. एक जण ते दिव्याखाली धरतो, शिक्का वाचतो, क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडतो. तुमची मुलगी बायकोच्या कडेवर झोपलेली. तो कार्ड परत देतो, टोपीला हात लावतो आणि वरच्या मजल्यावर जातो. वर राहणाऱ्यांच्या कार्डांवर शिक्का नाही. थोड्या वेळानं बोचकी घेतलेली पावलं जिन्यावरून खाली उतरतात. तुम्ही दार उघडत नाही.

त्या क्षणी तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं होतं. तसं वाटणं माणसाच्या हातात नसतं. त्यावरच ही सगळी व्यवस्था उभी आहे. ज्याच्याकडे शिक्का आहे तो शिक्का टिकवायला बघतो, ज्याच्याकडे नाही तो मिळवायला धावतो, आणि शिक्का मारणाऱ्या हाताकडे बघायला कुणाला उसंत राहत नाही.

नाट्यगृह

तुमची बदली प्लांताज मिडन्लान या रस्त्यावरच्या नाट्यगृहात होते. एकेकाळी इथं डच नाटकं गाजली. आता पकडून आणलेली कुटुंबं इथं कोंडतात, वेस्टरबोर्कला रवाना होईपर्यंत. खुर्च्या काढलेल्या, हवा कोंदट, शेकडो माणसं जमिनीवर. दंडाला पांढरी पट्टी बांधलेले कौन्सिलचे कर्मचारी पाणी देतात, नावं लिहितात, हरवलेली पिशवी शोधून देतात.

इथला कारभार वाल्टर झ्यूस्किंड बघतो. जर्मनीत जन्मलेला, बोलण्यात पटाईत, आउस डेर फ्युंटेनशी हसतखेळत वागणारा. त्याला पहिल्यांदा बघणाऱ्याला तो शत्रूचा खास माणूसच वाटावा. रस्त्यापलीकडे पाळणाघर आहे. लहान मुलांचा गोंधळ नको म्हणून जर्मनांनी त्यांना तिकडे ठेवलंय. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल.

एका दुपारी तुम्ही नोंदींच्या टेबलाशी आहात. झ्यूस्किंडचा सहकारी फेलिक्स हाल्फरस्टाट खण ओढतो. बोटं सराईतपणे नोंदकार्डांवरून फिरतात, एका कार्डावर थांबतात. ते कार्ड उचलून तो कोटाच्या आत ठेवतो, खण लावतो. त्याचा चेहरा जराही हललेला नाही. तुम्ही वाचलंत: मुलगा, वय दोन. आता दप्तरानुसार असा मुलगा कधी इथं आलेलाच नाही. आई-बापांना विचारलेलं आहे, आणि मुलाला देऊन टाकायला ‘हो’ म्हणणं काय असतं हे त्या दोघांच्या डोळ्यांत दिसतंय. आता ट्राम यायची वाट. नाट्यगृह आणि पाळणाघर यांच्यामधून ट्राम जाते, तेवढा वेळ पहारेकऱ्याला पलीकडचं दिसत नाही. ट्राम येते, कुणीतरी कडेवर मूल घेऊन दारातून बाहेर पडतं, ट्रामच्या आडोशानं चालायला लागतं. काही मुलं शेजारच्या अध्यापक विद्यालयातून जातात, तिथले प्राचार्य योहान फान हुल्स्ट यांच्या हातून.

अशी सुमारे सहाशे मुलं वाचली. हे करणारे लोक कौन्सिलचेच होते. त्यांच्याजवळही तोच शिक्का, तीच दंडपट्टी, तोच दप्तराचा खण होता. शत्रूनं विश्वासानं हाती दिलेला कागद त्यांनी शत्रूवरच उलटवला. पिमेंटेल १९४३मध्ये आउशविट्झला मारल्या गेल्या. झ्यूस्किंडची बायको आणि मुलगी १९४४मध्ये तिथंच संपल्या, आणि १९४५च्या सुरुवातीला तोही गेला.

तुम्ही त्या दुपारी काही बोलला नाहीत. खण उघडला, लावला गेला, तुम्ही पुढचं नाव लिहिलंत. तुमचं गप्प राहणं, तेवढंच तुमच्या वाट्याचं शौर्य. पण ते खरं होतं.

यादी

२१ मे १९४३. कौन्सिलला हुकूम येतो: तुमच्या शिक्केवाल्यांपैकी सात हजार जण निवडून द्या. निवड तुम्हीच करायची.

रात्रभर दिवे चालू. विभागप्रमुखांना विचारलं जातं, कोणावाचून काम अडेल? टेबलावर नोंदकार्डं पसरलेली. प्रत्येक कार्ड म्हणजे एक सहकारी, ज्याच्यासोबत तुम्ही दोन वर्षं डबा खाल्ला. हा ठेवायचा, हा द्यायचा. कुणी उठून बाहेर जातं, कुणी रडतं, कुणी हात लावायला नकार देतं. तरी पहाटेपर्यंत ढीग दोन झालेले असतात. बोलावणी पोचवतात तेही कौन्सिलचेच निरोपे.

नेमून दिलेल्या दिवशी कितीतरी जण येतच नाहीत. मग २६ मेला जर्मन जुन्या ज्यू वस्तीला वेढा घालतात आणि घरं रिकामी करतात. सुमारे तीन हजार माणसं. २० जूनला शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागात पुन्हा तेच, या वेळी पाच हजारांहून जास्त. आता शिक्का दाखवून उपयोग नाही. १९४३च्या मार्च ते जुलैदरम्यान गाड्या जातायत त्या सोबिबोरच्या मृत्युछावणीला. नेदरलँड्समधून तिथं चौतीस हजारांवर माणसं नेली गेली. जिवंत परतलेल्यांचा आकडा वीसपर्यंतही पोचत नाही. तुमची आई आणि भाऊ त्या आधीच्या हिवाळ्यातच गेले.

२९ सप्टेंबर १९४३ला उरलेले सगळे उचलले जातात, आस्सर आणि कोहेनसुद्धा. त्याच दिवशी तुमच्या जिन्यातही बूट वाजतात. तुम्ही कार्ड पुढं करता. पोलीस या वेळी ते दिव्याखाली धरत नाही.

पुसणं

प्रवास इथं थांबवा. नेदरलँड्समधून सुमारे एक लाख सात हजार ज्यूंना नेलं गेलं. पाच हजारांच्या आसपास परतले. आस्सर आणि कोहेन वाचले. १९४७मध्ये ज्यू समाजानंच नेमलेल्या चौकशी मंडळानं त्यांचं वर्तन निंद्य ठरवलं. सरकारनंही त्यांना अटक केली होती, पण खटला शेवटी उभा राहिला नाही. मे महिन्याच्या त्या रात्री याद्या करणं चूकच होतं, असं मला वाटतं. पण ज्यांनी ती रात्र भोगली नाही त्यांनी तेवढ्यावर निकाल देऊन मोकळं होऊ नये, असंही वाटतं. कारण त्या रात्री निवडायला जे दोन रस्ते होते, ते दोन्ही स्मशानाकडेच जात होते. रस्ता बदलण्याची वेळ खूप आधी येऊन गेली होती.

ती वेळ किती आधीची, हे नोंद पुसायला निघालेल्यांना विचारा. २७ मार्च १९४३च्या रात्री विलेम आरोंडेयस आणि शिल्पकार खेरिट फान डर व्हेन यांच्या भूमिगत गटानं पोलिसांचे गणवेश चढवून ॲम्स्टरडॅमचं लोकसंख्या दप्तर पेटवलं. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी मुद्दाम भरमसाट पाणी मारून आणखी कागद भिजवले. तरीही बहुतेक दप्तर शाबूत राहिलं. त्यांच्यापैकी बारा जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. मग ११ एप्रिल १९४४ला ब्रिटिश हवाई दलाच्या सहा मॉस्किटो विमानांनी हेगमधल्या क्लेकाम्प या वाड्यावर बॉम्ब टाकले. लेंट्सच्या त्या दुसऱ्या प्रती तिथं होत्या. इमारतीतले साठएक कर्मचारी मेले. तोवर देशातले बहुतेक ज्यू नेले गेलेले होते.

एक गिल्डर घेऊन, अदबीनं, शाई वाळेपर्यंत थांबून केलेली नोंद पुसायला आग कमी पडली, बारा जीव कमी पडले, आणि बॉम्ब पोचले तेव्हा उशीर झाला होता. कौन्सिलनं ठेवलेली एक लाखाहून अधिक कार्डांची सूची आजही ॲम्स्टरडॅममध्ये जपलेली आहे. नातवंडं तिथं आजी-आजोबांचं कार्ड शोधायला जातात. माणूस कुठल्या दिवशी नेला गेला, हे कित्येकांना त्यातून कळतं.

तुमच्या पाकिटात आज चार-पाच कार्डं असतील. कार्ड असणं वाईट नाही. रेशन, औषध, मतदान त्यावर मिळतं. पण ज्या दिवशी एखादा नवा रकाना छापला जातो, माणसाचा वंश, धर्म किंवा मूळ विचारणारा, त्या दिवशी रांग शांत असते आणि कारकून सभ्य असतो. हा रकाना कशासाठी, ही यादी उद्या कोणाच्या हाती जाईल, आणि माझ्या नावापुढं काही नसलं तरी शेजाऱ्याच्या नावापुढं काय लिहिलं जातंय, हे विचारायचं ते तेव्हाच. १९४१मध्ये हा प्रश्न विचारायला ज्यूंपेक्षा त्यांचे शेजारी जास्त मोकळे होते. तो कारकून मोकळा होता, लेंट्स मोकळा होता, सर्वोच्च न्यायालयातले व्हिसर यांचे सहकारी मोकळे होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही कार्डावर तो काळा ‘जे’ नव्हता. शिक्का मागत धावणाऱ्यांआधी हिशेब मागायचा तो त्यांच्याकडे, आणि उद्या तशी रांग आपल्या शहरात लागली तर आपल्याकडे.